जुन्या गाड्यांची जागा

नामदेवभाऊ निरोप घेऊन आले तेव्हा मी चौथीच्या मुलांना फळ्यावरच्या नकाशात नद्या दाखवत होते. सांगवीच्या आमच्या शाळेच्या खिडकीतून फाटक दिसतं. सायकल फाटकाला टेकवून ते आत न येता तिथेच उभे राहिले. पहिल्या शिफ्टला कंपनीत असायला हवा तो माणूस भर सकाळी शाळेच्या फाटकाशी… खडू हातात तसाच घेऊन मी बाहेर गेले. "बाई, आक्का गेल्या," ते म्हणाले. "झोपेतच गेल्या. चहा द्यायला गेलो तर हात गार." मी वर्गात परत आले, मुलांना वह्या मिटायला सांगितल्या आणि नकाशा पुसायला घेतला. अर्धी नदी पुसून झाली आणि मग काही सुचेना.

आक्का म्हणजे चिंचवडच्या पार्वतीबाई. हमरस्त्याच्या कडेला त्यांच्या खोल्यांची एक चाळ होती आणि त्या चाळीतल्या कामगारांनी त्यांना आक्का केलं. चऱ्होलीला गावाबाहेर एक लांबट पत्र्याची शेड आहे. तिच्यात कोळशावर चालणारी जुनी प्रवासी मोटार, टांगा, लाकडी चाकांची बैलगाडी, असं बरंच काही उभं आहे. दर रविवारी ती उघडते. तिकीट नाही, पगारी माणूस नाही. वाचकांपैकी काहीजण मुलाबाळांना घेऊन तिथे येऊन गेले असतील. दाराशी स्टुलावर बसलेल्या, डोक्यावरचा पदर सारखा करत बोलणाऱ्या उंच बाई आठवत असतील, तर त्याच आक्का. त्यांना जाऊन आता महिना होऊन गेला.

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही नगरकडून इकडे आलो. यांना पिंपरीच्या एका कंपनीत फिटरची नोकरी लागली होती, माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. कंपन्या नव्या होत्या, माणसं हवी होती, पण खोली मिळणं कठीण. आम्ही बौद्ध. खोलीवाले आधी आडनाव विचारायचे, आणि साळवे म्हटलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. असं फिरत फिरत एका दुपारी आम्ही आक्कांच्या दारात आलो. तेव्हा त्या चाळिशीच्या असतील. कपाळ मोकळं, हातात सूप. हे आडनाव सांगायच्या तयारीतच होते, पण त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"फिटर आहे."

"मोटार नीट करता येती का?"

"मोटारीचं काम केलेलं नाही," हे म्हणाले. "पण इंजिन आहे ना, बघू शकतो."

"मंग बघा," असं म्हणत त्या सूप ठेवून घरामागे चालू लागल्या. आम्ही पिशव्या घेऊन त्यांच्यामागे. कडुनिंबाखाली एक मोटार अर्ध्या चाकांपर्यंत मातीत रुतून उभी होती. मागच्या बाजूला पिंपाएवढी लोखंडी भट्टी, खिडक्यांना काचा नाहीत, बाकांवर कोंबड्या. यांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून खाली पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "ही नीट केली तर कोंबड्या कुठं जातील?" आक्का एकदम हसल्या. पुढे मला कळलं, त्या घरात फार दिवसांनी कुणी हसलं होतं. "कोंबड्यांचं मी बघते," त्या म्हणाल्या, "तुमी मोटारीचं बघा." अशी आम्हाला खोली मिळाली. आडनाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

विचारल्यावर मात्र आमच्या कपबशा वेगळ्या झाल्या. खिडकीच्या कट्ट्यावर दोन कप उपडे असायचे, ते आमचे. हे लिहायला हवं, कारण आक्कांना देवी करून टाकलेलं त्यांनाच आवडलं नसतं. मला त्या कपांकडे बघवत नसे. यांचं म्हणणं, खोली दिली आहे, थोडं थांबू. मग एका सुट्टीच्या दिवशी इंजिन उघडलं होतं. हे, शेजारच्या खोलीतले बीडचे नामदेवभाऊ, आणखी दोघंतिघं, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे. आक्का किटली घेऊन आल्या आणि एकाच ताटात सगळे कप मांडून त्यांनी ते मधोमध ठेवलं. यांनी हाताला आला तो कप उचलला. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर काही नव्हतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण त्या संध्याकाळी त्या पहिल्यांदा माझ्या खोलीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या हातचा च्या कर बरं, कुसुम."

मोटारीची हकिगत मला तेव्हापासून थोडी थोडी कळत गेली. आक्कांचं माहेर निघोजे. त्यांचे मालक रामभाऊ स्वराज्याच्या आधी चिंचवड स्टेशन ते चाकण अशी स्वतःची मोटार चालवायचे. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, म्हणून मागे कोळशाची भट्टी बसवली. कोळसा पेटवायचा, मग हाताने पंखा फिरवत बसायचं, धूर नीट तयार झाला की इंजिन धरायचं. रोज सकाळी तो पंखा आक्का फिरवायच्या. "सासूबाई म्हनायच्या, घरात चूल पेटवायची सोडून ही मोटारीची चूल पेटवती," असं सांगताना त्यांचा दंड नकळत गोल फिरायचा. बाजाराच्या दिवशी त्याही मोटारीतून जायच्या, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला त्यांची जागा ठरलेली. बाकी दिवस घरी. संध्याकाळी रामभाऊ गावाच्या वळणावर दोनदा भोंगा वाजवायचे. तो ऐकला की आक्का तव्यावर भाकरी टाकायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुढे सरकारी गाड्या सुरू झाल्या, खाजगी मोटारींचे परवाने संपले. रामभाऊंनी मोटार कडुनिंबाखाली आणून लावली आणि गिरणीत हमाली धरली. विकली मात्र नाही. "इकू म्हनलं की न जेवता उठायचे," आक्का सांगत. काही वर्षांनी छातीच्या दुखण्याने ते गेले. मोटार जागची हलली नाही.

तिला नीट करायला चार वर्षं लागली. पुण्याच्या जुन्या बाजारातून काही भाग आले, काही फोरमनला विचारून शिफ्ट संपल्यावर यांनी कंपनीतच घडवले. दरम्यान लोक येऊन बघू लागले होते. स्टेशनवरच्या म्हाताऱ्या टांगेवाल्याचा घोडा मेला, तेव्हा तो टांगा स्वतः ओढत घेऊन आला आणि म्हणाला, "आक्का, हितं राहू द्या. घरी ठेवला तर पोरं जाळतील." निघोज्याहून आक्कांच्या भावाने बैलगाडी पाठवली, कारण त्याने रबरी चाकांची नवी घेतली होती. कुणी कंदील आणला, कुणी खोगीर. ठेवायला जागा पाहिजे म्हणून पत्रे घातले. नामदेवभाऊंनी टिनाच्या पाटीवर काय लिहू विचारलं. मी मॅट्रिक होऊन नुकतीच शाळेत लागले होते, मी 'संग्रहालय' म्हटलं. आक्का म्हणाल्या, "ते वाचाय कुनाला येनार? जुन्या गाड्यांची जागा, असं लिव्ह." तेच लिहिलं. रविवारी कोण येणार ते शिफ्टवर ठरायचं. पहिल्या शिफ्टची माणसं दुपारनंतर शेड सांभाळायची, दुसरीची सकाळी, आणि तिसरीची माणसं रात्रभर जागूनही चाकांना तेल द्यायला यायची. माहिती सांगायचं काम माझ्याकडे. मी आपली पाठ करून सांगायचे, ही गाडी अमुक काळातली, हिला इतकी मापं. मग आक्का स्टुलावरून म्हणायच्या, "आन् हिच्यात बसून कोन कुठं गेलं, ते सांग की!" आणि स्वतःच सुरू व्हायच्या.

मोटार सुरू झाली तो दिवस मला आजही डोळ्यांपुढे दिसतो. सगळी चाळ जमली होती. आक्का नवं लुगडं नेसल्या होत्या. भट्टी पेटवल्यावर नामदेवभाऊ पंख्याकडे गेले, तर आक्कांनी त्यांचा हात बाजूला केला. किती वेळ फिरवत होत्या… कपाळावर घाम, पदर खोचलेला, कुणाकडे लक्ष नाही. यांनी हँडल मारलं. एकदा, दोनदा, आणि मग इंजिनाने घरघर धरली. पोरं ओरडली, टाळ्या झाल्या. आक्का आपल्या जागेवर जाऊन बसल्या. नामदेवभाऊ चक्र धरून बसले, मोटार कडुनिंबाखालून हलली, अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत आली. तिथे आक्का म्हणाल्या, "बंद करा." कुणाला वाटलं, काही तुटलं. त्या खाली उतरल्या आणि सरळ घरात गेल्या.

बऱ्याच वेळाने मी आत गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "आवाज त्योच हाय गं, कुसुम. डोळं मिटलं तवर बरं वाटलं. उघडून शेजारी बघितलं, तर मानूस दुसरा." मग म्हणाल्या, "नामदेवाला सांगू नगंस. त्याचा काय दोष न्हाई." मी त्यांचा हात धरला.

त्यानंतर त्यांनी मोटार चालवू दिली नाही. "उभी ऱ्हाऊ दे. लोकं बघत्यात, तेवढं पुरे." चार वर्षं हाडं झिजवलेली माणसं रागावली. दोघांनी येणं सोडलं. हेही आठवडाभर तिकडे फिरकले नाहीत. "चालायला केली होती, बघायला नाही," म्हणत खोलीत येरझारा घालत. आक्कांनी कुणाची समजूत काढली नाही, की आपलं कारण सांगितलं नाही. मला ते माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं. शेवटी एका रविवारी त्या स्वतः आमच्या दाराशी आल्या आणि यांना म्हणाल्या, "साळवे, रुसा खुशाल. पर भट्टीला गंज चढतोय, तेवढा काढून मंग रुसा." हे हसले आणि गेले. दर महिन्याला मोटार जागेवरच सुरू करून बंद करायची, एवढं आक्कांनी मान्य केलं. त्या वेळी त्या घरात बसायच्या, दार लावून. तशी आठ-नऊ वर्षं गेली. आमची दोन मुलं त्या शेडमध्ये रांगली, टांग्यात झोपली. आक्का त्यांना मांडीवर घेऊन बसायच्या. पण मोटार घरघरली की मूल माझ्याकडे देऊन उठायच्या.

मग हमरस्ता रुंद करायचं ठरलं. शेड, कडुनिंब आणि पुढच्या खोल्या जाणार होत्या. आक्कांचा पुतण्या भंगारवाल्याला घेऊनच आला. "काकी, आता हे सगळं कुठं ठेवणार तुम्ही? वजनावर देऊन मोकळ्या व्हा." भंगारवाल्याने मोटारीच्या पत्र्यावर बोटाने टकटक केली. आक्का त्याच्याकडे बघत राहिल्या, मग पुतण्याला म्हणाल्या, "च्या पिऊन जा." तेवढंच. पण त्या रात्रीपासून त्यांचं जेवण तुटलं. यांनी आणि नामदेवभाऊंनी शिफ्ट सांभाळून गावं पालथी घातली. अखेर चऱ्होलीत बबनराव नावाच्या शेतकऱ्यांनी, जे तरुणपणी याच मोटारीने चाकणच्या बाजाराला जायचे, आपल्या पडीक रानाचा तुकडा देऊ केला. टांगा, बैलगाडी वगैरे ट्रकमधून गेलं. मोटारीसाठी यांनी दोर आणि ट्रक ठरवला, तेव्हा आक्का म्हणाल्या, "वढून न्यायची न्हाई."

"मग कशी न्यायची?" यांनी विचारलं.

"तिच्या पायानं जाईल."

नामदेवभाऊंनी मान खाली घातली. त्यांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलेलं होतं. आक्का त्यांच्याजवळ गेल्या. "तूच चालीव नामदेवा. तुझ्याबिगर कुनाच्या हातात देनार?"

सकाळी पंखा आक्कांनीच फिरवला, पण आता दम लागत होता, म्हणून मधे मी फिरवला. त्या आपल्या जागेवर बसल्या, मी त्यांच्या मागे. गावाच्या वळणावर त्यांनी नामदेवभाऊंच्या हाताला हात लावला. "वाजीव दोनदा. ते येताना वाजवायचे, जाताना न्हाई… पर आज वाजीव." नामदेवभाऊंनी दोनदा भोंगा वाजवला. आक्का खिडकीबाहेर बघत होत्या. या वेळी त्यांनी थांबवायला सांगितलं नाही.

भोसरीत कंपनीची पाळी सुटत होती. कामगार सायकली धरून उभे राहिले, कुणी विचारलं, "राव, शूटिंग आहे का?" एक म्हातारे दुकानातून धावत आले. "रामभाऊंची मोटार! आरं, रामभाऊंची मोटार हाय ही!" आणि चालत्या मोटारीला हात लावून मागे राहिले. पुढच्या चढावर कोळशाची मोटार दमली. आक्का मागे वळून म्हणाल्या, "बाप्यांनी उतरायचं, बायांनी बसून ऱ्हायचं. हाच नेम व्हता." सगळे पुरुष उतरून ढकलायला लागले, हेही. आक्का मला म्हणाल्या, "आमी दोघंच व्हतो तवा ते मला पन उतरवायचे बरं का," आणि पदराने तोंड झाकून खुदखुदल्या. हसता हसता रडू लागल्या. मी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. चऱ्होली येईपर्यंत तो तसाच होता.

चऱ्होलीला शेड उभी राहिली आणि आक्कांना जणू दुसरं आयुष्य मिळालं. रविवारी आळंदीची गाडी धरून त्या फाट्यावर उतरायच्या, पुढे चालत. महिन्यातून एकदा मोटार रानातून फिरायची, आक्का आत. भाकरीचं गाठोडं सगळ्यांसाठी असायचं. पण धाप वाढत गेली. गेल्या पावसाळ्यापासून त्यांना प्रवास झेपेना. आमची खोली रस्त्यात गेल्यावर आम्ही सांगवीला राहायला आलो होतो. चिंचवडच्या उरलेल्या मागच्या खोलीत त्या एकट्या असत, नामदेवभाऊंचं घर शेजारी. रविवारी संध्याकाळी मी शेड बंद करून त्यांच्याकडे जायचे. माझी वाट बघत उंबऱ्यात बसलेल्या असायच्या. "कोन कोन आलं व्हतं?" मी सांगायचे. तेवढ्याने भागत नसे. "कुठनं आले? कशानं आले?" हा प्रश्न त्यांचा जुना, शेडच्या दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला विचारलेला. सायकलवर, लाल गाडीने, ट्रकच्या टपावर, काय असेल ते त्यांना कळायला हवं असे. आणि उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न ठरलेला, "आन् जाताना?" जो चालत आला असेल त्याला त्या फाट्यापर्यंत सोडायला जायच्या. म्हणायच्या, "एकट्यानं वाट लांब लागती." शेवटच्या भेटीत मी निघाले तेव्हा त्या उठायला लागल्या. मी म्हटलं, "आक्का, बसा. मी बसने जातेय, थांबा समोरच आहे." तरी भिंतीला धरून दारापर्यंत आल्या. "बस लागंपत्तुर हितं हुभी ऱ्हाते." बस सुटली तेव्हा मी वळून पाहिलं. त्या होत्या.

त्या गेल्यानंतर दोन रविवार शेड उघडली नाही. तिसऱ्या रविवारी यांनी किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि चप्पल घातली. नामदेवभाऊ आधीच येऊन थांबले होते. मी चाकं पुसली, मोटारीच्या पायरीवरची धूळ झाडली, आणि स्टूल कुठे ठेवावं ते कळेना म्हणून आहे तिथेच राहू दिलं. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मग एक म्हातारे गृहस्थ आले, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं. त्यांनी सगळं सावकाश बघितलं, टांग्याच्या दांडीवरून हात फिरवला. ते दाराशी आले आणि माझ्या तोंडून आपसूक गेलं, "कुठनं आलात, बाबा? कशानं आलात?"

"मरकळवरनं. चालत आलो."

मी विचारलं, "आणि जाताना?"

"जाताना बी चालतच की."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान हलवली आणि नामदेवभाऊ दाराशी येऊन उभे राहिले. मी पदर खोचला आणि बाबांबरोबर फाट्यापर्यंत चालत गेले.